गौहरजान : दंतकथा किती, दप्तर किती?

२६ जून २०१८ रोजी 'गूगल'च्या पहिल्या पानावर एका गायिकेचे चित्र झळकले. गौहरजान यांच्या १४५व्या जयंतीचे ते निमित्त होते. त्यानंतर त्यांच्याविषयीचा मजकूर नव्याने फिरू लागला आणि अजूनही फिरतो आहे. ध्वनिमुद्रिका काढणारी पहिली भारतीय कलाकार, सहाशे तबकड्या, दहा (कुठे वीस) भाषा, एका ध्वनिमुद्रिकेला तीन हजार रुपये, मांजरीला पिल्ले झाली म्हणून वीस हजारांची मेजवानी, बग्गीवरून झालेला हजार रुपयांचा दंड, खुद्द महात्मा गांधींना सुनावलेले खडे बोल. वाचताना मन रमून जाते. मात्र यातले खरे किती, असे विचारले की लिहिणाऱ्यांची पंचाईत होते. बहुतेकांनी एकमेकांचेच वाचून लिहिलेले असते.

शंभर वर्षांपूर्वीच्या पुरुष गवयाचे चरित्र लिहिणे सोपे नसते. गायिकेचे त्याहून अवघड. धर्मांतराने, विवाहाने, व्यवसायाने तिचे नाव बदलते. घराण्याच्या वंशावळीत तिला जागा नसते. कोठीवरच्या आयुष्याविषयी कुटुंबीय बोलत नाहीत आणि बाहेरचे लोक नको तितके बोलतात. त्यामुळे तिच्या गाण्यापेक्षा तिचे दागिने, घोडे आणि आशक यांच्याच हकिकती जास्त टिकतात. गौहरजान यांच्याबाबतीत सुदैवाने काही भक्कम कागद उरले आहेत. हाती असलेल्या कागदांशी कथा ताडून पाहण्याची सोय असलेले असे चरित्र दुर्मीळच म्हणायचे.

पहिली कोण?

सर्वांत मोठा दावा पहिलेपणाचा. त्याची पडताळणी त्यातल्या त्यात सोपी आहे, कारण गाणे मुद्रित करणारी कंपनी व्यापारी होती आणि व्यापारी हिशेब ठेवतो. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रण-तज्ज्ञ फ्रेडरिक विल्यम गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस आपले यंत्र घेऊन कोलकात्यात उतरला. योगायोग असा, की तोही १८७३ चाच, गौहरजान यांच्या वयाचा. सुमारे सहा आठवड्यांत त्याने पाचशेहून अधिक मेणाच्या तबकड्यांवर गाणी उतरवली. ती जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात पाठवली गेली आणि छापील तबकड्या होऊन परत आली. प्रत्येक मुद्रणाला क्रमांक होता. कोणते गाणे आधी आणि कोणते नंतर हे सांगायला माणसाच्या आठवणीची गरज नाही, क्रमांक पुरतो.

ऑस्ट्रेलियन संशोधक मायकेल किनियर यांनी हे क्रमांक, कंपनीच्या याद्या आणि जुने कॅटलॉग जुळवून कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली. १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ती ग्रंथरूपाने काढली. तबकड्यांच्या संग्राहकांना हा ग्रंथ पाठ असतो, पण वर्तमानपत्रांत जयंती-पुण्यतिथीला लिहिणाऱ्यांनी तो उघडलेला दिसत नाही. तो उघडला असता तर एक गोष्ट ध्यानात आली असती. ८ नोव्हेंबर १९०२ रोजी गैसबर्गच्या यंत्रापुढे प्रथम गायल्या त्या कोलकात्याच्या रंगभूमीवरील दोन मुली, शशिमुखी आणि फणिबाला. गौहरजान यांची पाळी आली ती तीन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला.

म्हणजे 'भारतात ध्वनिमुद्रिका काढणारी पहिली कलाकार' हे विधान तीन दिवसांनी चुकते. 'पहिली भारतीय कलाकार' असे म्हटले तर ते तीन वर्षांनी चुकते, कारण याच कंपनीने १८९९ मध्ये लंडनमध्ये काही भारतीय आवाज सात इंची तबकड्यांवर घेतले होते. डॉ. हरनामदास, कॅप्टन भोलानाथ अशी नावे त्या सूचीत सापडतात. शिवाय तबकडीच्या आधीची, मेणाच्या नळकांडीवर आवाज उमटवणारी फोनोग्राफची यंत्रे हौशी मंडळींकडे होतीच. मग गौहरजान यांच्याकडे उरते काय? उरते ते थोडे नव्हे. त्या पहिल्या फेरीत मुद्रित झालेल्यांमध्ये बैठकीच्या गायनात आधीच मोठे नाव असलेल्या कलाकार त्याच होत्या. तीन मिनिटांच्या आसपास संपणाऱ्या तबकडीत ख्याल-ठुमरीचा ऐवज कसा बसवायचा याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला आणि त्यांची मुद्रणे खपली. 'ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या फेरीतील सर्वांत नामवंत गायिका' असे लिहिले तर कोणाला आक्षेप घेता येणार नाही. पण मथळ्याला 'पहिली' हा शब्द हवा असतो.

मुद्रणाच्या अखेरीस येणारी 'माय नेम इज गौहरजान' ही घोषणा हाही असाच एक लाडका विषय. ही गायिकेची ऐट होती, असे अनेकांना वाटते. ऐट असेलही, पण त्यामागे सोयीचा भाग मोठा होता. हॅनोव्हरच्या कारखान्यात हिंदुस्थानी न समजणाऱ्या कामगाराला कोणत्या तबकडीवर कोणाचे लेबल चिकटवायचे ते कळावे, म्हणून ही घोषणा होत असे, असे जाणकार सांगतात. त्या काळातील इतर अनेक गायक-गायिकांच्या तबकड्यांवरही नावाची घोषणा ऐकू येते. फरक इतकाच, की गौहरजान यांचा स्वर त्या इंग्रजी वाक्यातही ठसकेबाज लागतो.

सहाशे आणि वीस

सहाशे ध्वनिमुद्रिकांचा आकडा सर्वत्र दिसतो. सहाशे काय, हे मात्र कोणी स्पष्ट करत नाही. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने वाजत, पुढे त्या दुहेरी झाल्या. म्हणजे गाणी मोजली तर एक आकडा येतो, तबकड्या मोजल्या तर दुसरा. लोकप्रिय झालेली चीज काही वर्षांनी सुधारलेल्या यंत्रावर पुन्हा मुद्रित होई. ती एक धरायची की दोन? जुनेच मुद्रण नव्या क्रमांकाने, नव्या लेबलासह बाजारात येई. त्याचे काय? १९०२ ते १९२० या काळात त्यांनी मोठ्या संख्येने मुद्रणे केली हे निर्विवाद आहे. 'सुमारे' हा शब्द गाळून सहाशेचा आकडा छातीठोकपणे लिहिणे मात्र धाडसाचे आहे.

भाषांचेही तसेच. काही ठिकाणी दहा, काही ठिकाणी 'दहाहून अधिक' आणि काही ठिकाणी वीस. वीस या आकड्याचे मूळ गैसबर्गच्या आठवणींत दिसते. ते पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे प्रसंगानंतर चाळीस वर्षांनी. त्यात त्याने 'भाषा आणि बोली' मिळून वीस असे म्हटले होते. पुढच्यांनी बोली गाळल्या आणि भाषा तेवढ्या ठेवल्या. गैसबर्गला स्वतःला यांपैकी किती भाषा वेगळ्या ओळखता येत होत्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. हिंदुस्थानी, बंगाली, गुजराती, तमिळ, फारसी, अरबी, पश्तू, इंग्रजी, फ्रेंच अशी जी यादी दिली जाते तिच्यात मराठीचेही नाव असते, त्यामुळे मराठी लेखकांची कळी खुलते. येथे एक विवेक हवा. एखाद्या भाषेतील एक पद घोटून ते यंत्रापुढे म्हणणे वेगळे आणि ती भाषा येणे वेगळे. तबकडीच्या लेबलावर बहुधा गाण्याची भाषा छापलेली असे. भाषांची यादी करायची तर लेबले पाहून करावी. आठवणींच्या पुस्तकावरून करू नये.

लेबले आहेत कुठे, असा प्रश्न पडेल. ती संग्राहकांच्या घरी आहेत. या बाबतीत मुंबईकडे अभिमानाने पाहावे अशी परिस्थिती आहे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था मुंबईचीच. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक अनेक वर्षे निघत होते. संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी गौहरजान यांच्यावर, तबकड्या हाताळून आणि ऐकून, लेखन केले आहे. चोरबाजारात किलोच्या भावाने जाणाऱ्या तबकड्यांतून इतिहासाची साधने वेचणाऱ्या या मंडळींचे ऋण विद्यापीठांनी क्वचितच मान्य केले.

वडील, बर्फ आणि एक कालविपर्यास

जन्माची हकिकत अशी दिली जाते. २६ जून १८७३ रोजी आझमगडला अँजेलिना योवर्ड या मुलीचा जन्म झाला. वडील विल्यम रॉबर्ट योवर्ड, आई व्हिक्टोरिया हेमिंग्ज. व्हिक्टोरियाची आई रुक्मिणी ही हिंदू स्त्री. आईवडिलांचा विवाह १८७२ चा आणि घटस्फोट १८७९ चा. त्यानंतर आई मुलीला घेऊन बनारसला गेली, दोघींनी इस्लाम स्वीकारला, व्हिक्टोरियाची मलकाजान झाली आणि अँजेलिनाची गौहरजान. १८८३ च्या सुमारास मायलेकी कोलकात्यास आल्या.

यातील बराच भाग २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विक्रम संपत यांच्या इंग्रजी चरित्रामुळे पक्का झाला. त्याआधी गौहरजान यांच्या जन्माविषयी अनेक परस्परविरोधी समजुती होत्या. गैसबर्गने त्यांना 'आर्मेनियन ज्यू' म्हटले आणि ते वाक्य अर्धशतकभर छापले जात राहिले. आर्मेनियन वंशाचा धागा चरित्रकारही मान्य करतात. पण 'ज्यू' या शब्दाला आधार काय? मुलीचा बाप्तिस्मा १८७५ मध्ये अलाहाबादला मेथॉडिस्ट चर्चमध्ये झाला. ज्या कुटुंबाचे लग्न आणि बाप्तिस्मा ख्रिस्ती पद्धतीने होतो, त्याला ज्यू म्हणण्यासाठी दुसरा कागद हवा. कोलकात्याच्या व्यापारी वर्तुळात आर्मेनियन आणि बगदादी ज्यू हे दोन्ही समाज ठळकपणे वावरत होते. एका परक्या पाहुण्याची त्यात गल्लत होणे समजण्यासारखे आहे. ती इतरांनी उतरवून घेणे मात्र तितकेसे समजण्यासारखे नाही.

बाप्तिस्म्याची नोंद महत्त्वाची अशासाठी, की ती गौहरजान प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीची आहे. प्रसिद्धीनंतर तयार झालेल्या कागदांत कोणाचा ना कोणाचा हेतू शिरतो. १८७५ मध्ये ही मुलगी पुढे कोण होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे वय कमी-जास्त सांगण्याचे कारणही नव्हते. अर्थात अशी नोंद झाली तरी जन्मतारीख आईवडिलांनी सांगितलेलीच असते. पण दोन वर्षांपूर्वीच्या तारखेत आईवडिलांची फारशी चूक होत नाही.

आता एक छोटा तपशील पाहू. योवर्ड हे 'ड्राय आइस'च्या कारखान्यात अभियंता होते, असे इंटरनेटवर आणि छापील लेखांत सर्रास वाचायला मिळते. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. प्रयोगशाळेत तो एकोणिसाव्या शतकातच दिसला होता, पण त्याचा व्यापारी उद्योग उभा राहिला तो १९२० च्या दशकात, अमेरिकेत. १८७० च्या दशकात आझमगडला त्याचा कारखाना असणे शक्यच नाही. मूळ उल्लेख साध्या बर्फाच्या कारखान्याचा असावा. त्या दशकात अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या नैसर्गिक बर्फाची जागा यंत्रावर तयार केलेला बर्फ घेऊ लागला होता, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यातील अभियंता ही बाब पटण्याजोगी आहे. एकाने 'ड्राय' हा शब्द घुसडला आणि शेकडो जणांनी तो तसाच उचलला. चूक क्षुल्लक आहे, पण कोणता मजकूर कोणावरून उतरवला आहे हे शोधायला अशा चुकांचाच उपयोग होतो. ज्या लेखात ड्राय आइस आहे, त्या लेखाला स्वतंत्र साक्षीदार म्हणून मोजता येत नाही. दहा लेखांत एकच गोष्ट सापडली म्हणजे दहा पुरावे झाले असे नव्हे. पुष्कळदा तो दहा वेळा छापलेला एकच पुरावा असतो.

कोर्टात सिद्ध करावे लागलेले जन्म

गायिकेच्या जन्माची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. गौहरजान यांच्या आयुष्यात ती चिकित्सा प्रत्यक्ष कोर्टात झाली आणि ती त्यांनी स्वतःच्या हौसेने केली नव्हती.

मलकाजान १९०६ मध्ये वारल्या. त्यांच्या घरात लहानाचा मोठा झालेला भगलू नावाचा तरुण पुढे मालमत्तेवर हक्क सांगत उभा राहिला. आपण मलकाजान यांचे पुत्र आहोत आणि गौहर ही औरस संतती नाही, असा त्याच्या बाजूचा रोख होता. मैफलींतून आणि तबकड्यांतून नाव कमावलेल्या, स्वतःच्या मिळकतीवर घरदार उभे केलेल्या बाईंना आपला जन्म विवाहसंबंधातून झाला हे कोलकात्याच्या उच्च न्यायालयात सिद्ध करावे लागले. त्यासाठी ज्यांच्याशी तीस वर्षांत संबंध उरला नव्हता, त्या वडिलांचा शोध घ्यावा लागला. योवर्ड सापडले आणि त्यांनी पितृत्वाची कबुली दिली. निकाल गौहरजान यांच्या बाजूने लागला.

बारकाईने पाहिले तर आज चरित्रकाराच्या हाती असलेला जन्म-विवाहाचा बराचसा तपशील याच खटल्याची देणगी आहे. एरवी कोठीवरच्या गायिकेच्या आईवडिलांच्या लग्नाचा दाखला कोण जपून ठेवणार? तिच्यावर संशय घेतला गेला म्हणून तिचा इतिहास लिहून ठेवला गेला. संशोधकांना हे नवे नाही. कोर्टकज्जे, पोलिसांच्या नोंदी, कर्जाच्या कागदपत्रे यांतूनच जुन्या गायिकांची माहिती सापडते, कारण सुखाच्या दिवसांचे दप्तर कोणी ठेवत नाही. मात्र कोर्टाचे कागद वाचताना दोन्ही पक्षांचे वकील बोलत आहेत याचे भान सुटता कामा नये. आरोप हा आरोपच असतो. निकालाचे पान न वाचता फिर्यादीतील एखादे वाक्य उचलून 'नोंद सापडली' म्हणणाऱ्यांनी अनेक बायकांच्या चरित्रांचे नुकसान केले आहे.

नावांचा गोंधळ

महाराष्ट्रात गौहरजान यांच्या चरित्राला एक खास आपला असा घोळ चिकटला आहे. 'गौहर' म्हटले की मराठी माणसाला आठवतात त्या बालगंधर्वांच्या सहचारिणी गौहरबाई कर्नाटकी. बिळगीच्या, पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी. २०११ मध्ये 'बालगंधर्व' हा चित्रपट आला, तेव्हा ही चर्चा पुन्हा झाली आणि कोलकात्याच्या गौहरजान यांचे छायाचित्र गौहरबाईंचे म्हणून, तर गौहरबाईंच्या गाण्याची माहिती गौहरजान यांच्या नावावर, असे प्रकार आजही आढळतात. एक तारीख लक्षात ठेवली तर हा घोळ मिटतो. गौहरजान १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरला निवर्तल्या. गौहरबाई गंधर्व नाटक मंडळीत आल्या त्या १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पहिल्या गौहर तेव्हा हयातच नव्हत्या.

तिसऱ्या गौहर म्हणजे रणजित मूव्हिटोनच्या मिस गोहर, चंदुलाल शहा यांच्या भागीदार आणि मूकपटांच्या काळापासूनच्या नायिका. त्यांचीही छायाचित्रे अधूनमधून गायिका गौहरजान यांच्या नावाने फिरतात. छायाचित्रातील केशरचना आणि साडी नेसण्याची पद्धत १९३० च्या दशकातील असेल, तर ते १९०५ च्या आसपासच्या गायिकेचे नव्हे इतके तरी डोळ्यांना दिसायला हवे.

आईच्या नावाचाही घोटाळा आहे. त्या काळी मलकाजान नावाच्या किमान चार गायिका प्रसिद्ध होत्या. म्हणूनच गौहरजान यांच्या आईला 'बडी मलकाजान' म्हणत. दुसऱ्या आग्र्याच्या, आणखी एक मुल्क पुखराज या नावाने आणि एक चुलबुली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. आग्र्याच्या मलकाजान यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या ऐकवून 'हा गौहरजानच्या आईचा आवाज' असे सांगणारे भेटतात. नावापुढे गाव लावण्याची पद्धत, आग्रेवाली, अलाहाबादवाली, ही ऐटीसाठी नव्हती. ग्राहकाची फसगत होऊ नये म्हणून तिची गरजच होती. बडी मलकाजान या कवयित्रीही होत्या. 'मखज़न-ए-उल्फत-ए-मलिका' हा त्यांचा उर्दू काव्यसंग्रह १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही छापील वस्तू आहे, दंतकथा नव्हे. पण चरित्रलेखांत तिला एक ओळ मिळते आणि मुलीच्या मांजरीला परिच्छेद.

मांजर, बग्गी आणि स्वराज्य फंड

मांजरीची गोष्ट खोटीच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. श्रीमंतीचे असे प्रदर्शन त्या काळी राजेरजवाडेही करत, मग त्यांना गाणे ऐकवणाऱ्यांनी का करू नये? पण पडताळणीच्या कसोटीला ती उतरत नाही, कारण तिला तारीख नाही, पाहुण्याचे नाव नाही, हिशेबाचा कागद नाही. तीन हजार रुपयांच्या मानधनाचे तर गंमतीदार आहे. कुठे ते एका ध्वनिमुद्रिकेचे, कुठे ध्वनिमुद्रणाच्या पूर्ण सत्राचे, तर कुठे एका मैफलीचे सांगितले जाते. रक्कम तीच राहते आणि ती कशाबद्दलची हे बदलत जाते. असे होऊ लागले की ती रक्कम हिशेबातून आलेली नाही, तोंडी परंपरेतून आली आहे असे समजावे.

बग्गीच्या कथेत घोडे कधी चार असतात, कधी सहा. बड्या इंग्रज अधिकाऱ्याने बग्गीतील बाईंना राजघराण्यातील स्त्री समजून मान लववली, नंतर खरा प्रकार कळल्यावर दंड ठोठावला, असा तिचा आशय. या हकिकतीत एक गोष्ट मात्र तपासता येण्याजोगी आहे. दंड झाला असेल तर तो पोलिस कोर्टात झाला असणार, आणि कोलकात्याची इंग्रजी वृत्तपत्रे पोलिस कोर्टाची वार्ता नेमाने छापत. या कथेची खातरजमा करू इच्छिणाऱ्याने आठवणींची पुस्तके बाजूला ठेवून त्या फायली चाळाव्यात.

सर्वांत गंभीर दावा आहे तो गांधीजींसंबंधीचा. तो असा : गांधीजींनी गौहरजान यांना स्वराज्य फंडासाठी मैफल करण्याची विनंती केली, त्यांनी गांधीजींनी स्वतः ऐकायला यावे ही अट घातली, गांधीजी आले नाहीत, चोवीस हजार जमले, आणि मौलाना शौकत अली पैसे न्यायला आले तेव्हा बाईंनी निम्मेच, बारा हजार, हातावर ठेवले. वचन अर्धे पाळले म्हणून पैसेही अर्धे. गोष्ट इतकी नेटकी आहे की तीवर शंका घेणे जिवावर येते. सहसा साल १९२० दिले जाते. आता कागद पाहू. टिळक स्वराज्य फंडाचे नावच लोकमान्यांवरून पडलेले, आणि लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० रोजी. फंडाचा ठराव नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात, म्हणजे डिसेंबर १९२० मध्ये झाला आणि एक कोटी रुपये जमवण्याची धडक मोहीम चालली ती १९२१ च्या पूर्वार्धात. तेव्हा एक तर साल चुकलेले असावे किंवा फंड दुसरा असावा. शौकत अली हे खिलाफत चळवळीचे पुढारी होते आणि खिलाफतीसाठीही त्याच काळात निधी गोळा होत होता. मूळ प्रसंग खिलाफत फंडाचा असून पुढे सांगणाऱ्यांनी त्याला स्वराज्य फंडाचे नाव दिले, ही शक्यता विचारात घेण्याजोगी आहे. हा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे. गांधीजींचे समग्र वाङ्मय तारखेवार छापलेले आहे, ते कोणत्या दिवशी कोणत्या गावी होते याच्या दिनवारी उपलब्ध आहेत. कोलकात्यातील मुक्कामाच्या तारखा आणि त्या दिवसांची वृत्तपत्रे एकत्र ठेवली तर या गोष्टीला आधार आहे की नाही हे ठरवता येईल.

प्रसंग घडला असेल तर तो गांधीजींच्या चरित्रातही महत्त्वाचा आहे, कारण गणिकांनी देशकार्यात कोणत्या नात्याने यावे हा वाद त्या वर्षांत खराखुरा चालू होता. घडला नसेल, तर बाणेदारपणाचे एक सुभाषित आपण एका खऱ्या स्त्रीच्या तोंडी घातले आहे. दोन्ही परिस्थितींत नुसते 'असे म्हणतात' लिहून पुढे जाणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

याच प्रकारची आणखी एक कथा समकालीन जानकीबाई अलाहाबादवाली यांची. त्यांना 'छप्पन छुरी' म्हणत, कारण त्यांच्या अंगावर सुरीचे छप्पन वार झाले होते. हल्लेखोर कोण, याची उत्तरे वेगवेगळी : कधी नाकारलेला आशक, कधी घरातलाच कट. छप्पन हा आकडा मोजून आला की यमकातून, हे विचारायला कोणी धजत नाही. हल्ला खरा असू शकतो आणि आकडा काव्यातला. पडताळणी म्हणजे कथा फेकून देणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

म्हैसूरची फाइल

गौहरजान यांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत त्यामानाने पक्की आहे. १ ऑगस्ट १९२८ पासून म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार चौथे यांच्या दरबारात त्यांची नेमणूक झाली. दीड वर्षात त्यांचे निधन झाले. संस्थानच्या कारभाराची टापटीप अशी, की त्यांच्या नेमणुकीचे आणि नंतरच्या व्यवहाराचे कागद राजवाड्याच्या दप्तरात शाबूत राहिले. विक्रम संपत हे मुळात म्हैसूर राजघराण्याचा इतिहास अभ्यासत होते. त्या दप्तरात त्यांना गौहरजान यांची फाइल सापडली आणि तिच्यातून चरित्राचे काम सुरू झाले. गायिकेच्या आयुष्याचा माग कोलकात्याच्या मैफलींतून सुरू न होता तिच्या मृत्यूनंतरच्या सरकारी टिपणांतून सुरू झाला.

मराठी संस्थानांचीही अशी दप्तरे आहेत. कोल्हापूर, बडोदे, इंदूर, सांगली या संस्थानांनी गायक-गायिकांना पगारावर ठेवले होते, त्यांच्या नेमणुका, बक्षिसे आणि रजा यांच्या नोंदी झाल्या. गोव्यातील आणि कर्नाटकातील देवस्थानांच्या चाकरीत असलेल्या घराण्यांतून आलेल्या किती गायिकांच्या जन्मतारखा आज आपण ग्रंथांतून ग्रंथांत उतरवून घेतो! त्यांतल्या पुष्कळ तारखा शिष्यांनी सांगितलेल्या, काही तर सत्कार समारंभाच्या सोयीने ठरलेल्या. मैफलीच्या निमंत्रणपत्रिका, आकाशवाणीचे करार, ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे मासिक कॅटलॉग, जुन्या 'केसरी'च्या जाहिराती ही साधने अजून हाताशी आहेत. कसर लागण्याच्या आत ती पाहिली गेली तर पाहिली गेली.

इकडे ८ नोव्हेंबर १९०२ च्या त्या दोन मुलींविषयी गैसबर्गच्या रोजनिशीतील त्रोटक उल्लेख आणि सूचीतील क्रमांक याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. शशिमुखी आणि फणिबाला यांची आडनावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्यावर वारसाचा खटला झाला नाही, त्या कोणत्या दरबाराच्या पगारपत्रकावर चढल्या नाहीत. त्यांचे आवाज तेवढे तबकडीवर आहेत.